जन्मलं की कामाला

“चूक हिच्या कोडमध्ये आहे,” दादा म्हणाला. बोट दाखवलं नाही त्यानं, नुसती हनुवटी माझ्याकडं वळवली. “नवीन आहे. शिकेल हळूहळू.”

दूध संघाच्या मॅनेजरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. मॅनेजर आवटी, आमच्या कंपनीचे मालक बिरनाळे साहेब, माझा थोरला भाऊ शशिकांत आणि मी. खिडकीबाहेर गटारातून दूध वाहत होतं. खरंखुरं दूध, फेसासकट, आणि कडेला दोन कुत्री ते पीत उभी होती. सकाळी पाश्चरायझरमधून जाताना दूध पुरेसं तापलंच नव्हतं. तापमान घसरलं की ज्या भोंग्यानं बोंब ठोकायची, तो तोंड मिटून बसला. कुणाच्या लक्षात येईतो कच्चं दूध चांगल्या दुधाच्या टाकीत मिसळलं, आणि आवटींनी अख्खी टाकी सोडून द्यायला लावली. तो भोंगा वाजवणारा प्रोग्राम मी लिहिला होता.

“सॉरी सर,” मी म्हणाले.

“अहो ताई, हे दूध बारकी पोरं पित्यात,” आवटी म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं. “सॉरीनं भागतंय व्हय? आज आमच्या बॉयलरवाल्याचं लक्ष गेलं म्हणून. न्हाईतर दुपारी गाड्या भरून गेल्या असत्या.”

“दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो साहेब,” बिरनाळे साहेब म्हणाले. “आमचे चौगुले सर स्वतः आल्यात की.”

चौगुले सर म्हणजे दादा. मीही चौगुलेच, पण कंपनीत मला ‘चौगुल्यांची बहीण’ म्हणत. मला त्याचा राग कधी आला नाही, उलट मी ते मिरवायची. त्या सकाळी मात्र वाटलं की माझ्यामुळं त्या नावाला बट्टा लागला. लाजेनं माझे कान गरम झाले होते. दादानं मला या कंपनीत चिकटवलं, माझ्यासाठी शब्द टाकला, आणि मी त्याला परक्याच्या केबिनमध्ये असं बोलायची पाळी आणली.

याला आता वीस वर्षं होतील. दादा म्हणजे कोण हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दादा डिप्लोमावाला. बिरनाळे साहेबांकडं तो वायरी जोडायला म्हणून लागला आणि झेरॉक्स काढलेल्या एका पुस्तकावरून सी प्लस प्लस ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकला. मी बारावी झाले तेव्हा बाबांनी स्थळं बघायला घेतली होती. दादानं जेवणाच्या पाटावर बसल्या बसल्या सांगितलं, “विनी इंजिनिअर हुणार. मला जमलं न्हाई, तिला जमंल. स्थळं बघायची ती चार वर्सांनी बघा.” बाबा त्याच्याशी तीन दिवस बोलले नाहीत, पण मी मिरजेहून सांगलीला कॉलेजात जायला लागले. सी प्लस प्लसही मला आधी त्यानंच शिकवलं. कॉलेजातल्या सरांनी शिकवलं ते नंतर, आणि त्यात काही नवीन नव्हतं.

कंपनीत दादाचा मान होता तो त्याच्या थ्रेड क्लासमुळं. थ्रेड म्हणजे काय हे मी एकदा आईला सांगितलं होतं ते असं, की लग्नाचा स्वयंपाक एकट्या बाईनं करायचा म्हटला तर भात होईपर्यंत पुऱ्या गार. म्हणून एक पुऱ्या लाटते, एक तळते, एक आमटीकडं बघते. प्रोग्रामचंही तसंच. एक थ्रेड दुधाचं तापमान बघतो, एक टाक्यांची पातळी, एक पडद्यावर आलेख काढतो, एक भोंगा सांभाळतो, आणि सगळे एकाच वेळी. पण ही माणसं ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागून आणायची, कामाला लावायची आणि काम संपलं की नीट परत पाठवायची म्हणजे किचकट प्रकार. जरा चुकलं की प्रोग्राम आडवा. दादानं ते सगळं एकदाच एका क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एका तयार साच्यात, लिहून ठेवलं. आपण तो बेस म्हणून घ्यायचा, त्यावर आपला क्लास उभा करायचा आणि फक्त आपलं काम लिहायचं. दुसऱ्यांच्या क्लासमधून वस्तू, म्हणजे त्या साच्यातला एक नग, तयार केल्यावर ‘आता चालू हो’ असं वेगळं सांगावं लागे. दादाच्यात तेही नाही. “माझ्या क्लासवरनं काढलेलं पोरगं जन्मलं की कामाला लागतंय,” तो म्हणायचा. बिरनाळे साहेब हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. पाचसहा तालुक्यांतल्या डेअऱ्यांमध्ये तो क्लास बसलेला होता.

तर मी कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले. शेजारी मशीनची घरघर, सगळीकडं तापल्या दुधाचा वास. अर्ध्या तासात आपलाच काहीतरी गाढवपणा सापडेल अशी माझी खात्री होती. माझ्या क्लासमध्ये फार काही नव्हतं. वस्तू तयार होताना, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये, भोंग्याकडं जाणारं पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरमधून भोंग्याला हुकूम जायची वाट, उघडायचं आणि मग रन नावाच्या फंक्शनमध्ये तापमानावर नजर ठेवायची. प्रोग्राम दर सकाळी नव्यानं चालू होतो. मी तो परत परत चालू करून बघितला. बऱ्याचदा नीट चालला. मग एकदा तसंच झालं. पडद्यावर सगळं हिरवं, आणि भोंग्याचा थ्रेड उठल्या उठल्या मरून पडलेला. पोर्ट उघडायच्या आधीच त्यानं पोर्टवर लिहायला घेतलं होतं.

मी बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसले. पोर्ट तर जन्मतानाच उघडतंय. मग जन्माच्या आधी कामाला कोण लागलं?

तेव्हा मी दादाचा बेस क्लास उघडला. त्याआधी कधी उघडला नव्हता. कुणीच उघडला नव्हता. देवळात गेल्यावर मूर्ती उचलून खाली काय आहे ते कोण बघतं? पण एकदा बघितल्यावर समजायला वेळ लागला नाही. घर बांधताना पाया आधी आणि भिंती नंतर, तसं सी प्लस प्लसमध्ये आधी बेस बांधला जातो आणि मग त्यावरचा क्लास. दादा थ्रेड चालू करत होता ते पायातच. म्हणजे भिंती उभ्या राहायच्या आधीच माणूस आत राहायला पाठवलेला. पाया झाल्यावर भिंती झटकन उभ्या राहात, म्हणून बहुतेक वेळा निभावून जाई. ‘जन्मलं की कामाला’ म्हणतात ते खरं तर जन्मायच्या आधीच कामाला होतं.

आणि मग मला ती एक ओळ दिसली. थ्रेड उठल्यावर, रन बोलावण्याच्या आधी, एक स्लीप घातलेला. पन्नास मिलिसेकंद थांब. का थांबायचं ते लिहिलेलं नाही. दादा एरवी साध्या बेरजेवरही शेरा लिहिणारा माणूस. तेवढ्या थांबण्यात भिंती उभ्या राहात. माझ्या भिंतीला मात्र पोर्ट उघडायचं होतं, आणि सकाळच्या वेळी, सगळं एकदम चालू होताना, त्या जुन्या कॉम्प्युटरला ते पन्नासात दर वेळी जमत नव्हतं.

मला आधी काय वाटलं ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं. चूक माझी नव्हती. आणि लगेच दुसरं लक्षात आलं. जो माणूस तिथं स्लीप घालतो, त्यानं प्रोग्राम पडताना बघितलेला असतो. म्हणजे सकाळी केबिनमध्ये हनुवटी माझ्याकडं वळवताना दादाला ठाऊक होतं. मला दादाची लाज वाटली. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा मनात म्हटलं होतं, आणि म्हटल्याबद्दल माझी मलाही लाज वाटली.

दादा कॅन्टीनमागं, दुधाचे कॅन धुतात त्या कट्ट्यावर बसून चहा पीत होता.

“दादा, बेसमध्ये स्लीप कशाला घातलायस?”

“कुठला?”

“रनच्या आधीचा.”

“असू दे की. तू काढू नको तो.”

“काढला तर काय होतंय?”

“पडतंय.”

“का पडतंय?”

त्यानं ग्लास खाली ठेवला. “विने, तू तुझं पोर्ट कन्स्ट्रक्टरमधनं काढ आणि रनमध्ये टाक. दहा मिन्टाचं काम हाय. भोंगा वाजवून दाखवू, जेवायच्या वक्ताला घरी.”

“माझं भागेल. बाकीच्या ठिकाणांचं काय?”

“बाकीच्या ठिकाणी आजवर काय झालंय?”

“इथं तरी कालपर्यंत काय झालं होतं?”

दादा हसला. “लई शहाणी झालीस.” मग तो हसू पुसून कॅनांकडं बघत राहिला. बोलला तेव्हा माझ्याकडं बघून बोलला नाही. “साहेब पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअरचं सगळं माझ्याकडं देणार हायत. डिग्रीवाली चार पोरं माझ्या हाताखाली. तुला ठाऊकच हाय. डिग्रीवाला चुकला तर लोक म्हणत्यात, चुकला. मी चुकलो तर म्हणतील, डिप्लोमावाला.”

“म्हणून माझं नाव सांगितलंस?”

“तू बारकी हायस. तुला माफ हाय.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि घरातलंच हाय की. तुझी काय, माझी काय.”

मी ‘बरं’ म्हणाले. खरंच म्हणाले आणि मनापासून म्हणाले. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यानं माझ्यासाठी बापाचा अबोला सोसला होता, मला एका सकाळची बोलणी सोसायला काय हरकत होती? शिवाय झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ आमच्याच घरची. मी आत जाऊन पोर्टचं काम बदललं, प्रोग्राम खूपदा बंद-चालू केला. प्रत्येक वेळी भोंगा असा केकाटला की बॉयलरवाल्यानं येऊन हात जोडले.

दुपारी आम्ही परत केबिनमध्ये जमलो. आवटींच्या चेहऱ्यावरचा राग जरा उतरला होता. त्यांनी सगळ्यांना लस्सी मागवली.

“एक काम झालं,” ते म्हणाले. “आता दुसरं. नदीपलीकडं आमचा धाकटा प्लांट हाय. तिथं तुमचाच प्रोग्राम. मी सकाळपासनं तो बंद ठेवायला लावलाय. सांजचं दूध आता यायला लागंल. चालू करू दे म्हणून सांगू का?”

“तिथला भोंगा मी लिहिलाय,” दादा म्हणाला. “तिथं काही प्रश्न न्हाई साहेब. बिनधास्त चालू करा.”

आवटींनी फोन ओढला आणि नंबर फिरवायला घेतला. मी त्या धाकट्या प्लांटवर एकदा गेले होते. तिथला कॉम्प्युटर इथल्यापेक्षाही जुना, चालू होताना बैलगाडीसारखा कुरकुरणारा. तिथं पन्नास मिलिसेकंद पुरतील की नाही हे कुणी सांगावं? आजवर पुरले होते. आज सांजेला पुरतील का, एवढाच प्रश्न होता, आणि पुरले नाहीत तर तिथं लक्ष जायला बॉयलरवाला असेलच असं नव्हतं. मी दादाकडं बघितलं. तो लस्सीच्या ग्लासाकडं बघत होता. पलीकडं कुणीतरी फोन उचलला. आवटी म्हणाले, “हां, ऐक...”

“नका चालू करू,” मी म्हणाले.

आवटींनी फोनच्या तोंडावर हात ठेवला. “का?”

“तिथंही तसंच होऊ शकतं. चूक माझ्या कोडमध्ये नव्हती सर, माझ्यामुळं ती नुसती बाहेर आली. चूक बेसमध्ये आहे.”

“म्हंजे काय ते मला समजंल असं सांगा,” आवटी म्हणाले, आणि टेबलावरचा एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

मी सांगितलं. पाया काढला, भिंती काढल्या, आत पाठवलेला माणूस काढला, त्याला दारात थांबवून ठेवणारी पन्नासाची ओळ काढली. आवटी मध्ये मध्ये विचारत होते आणि ते नेमकं विचारत होते, आणि मी रंगून जाऊन सांगत होते. खूप दिवस न सुटलेलं कोडं सुटल्यावर माणूस असंच सांगतो. मी पायाभोवती पेन्सिलीनं जाड रेघ ओढली आणि म्हणाले, “ज्यानं हे लिहिलं त्याला एवढं साधं कळायला पाहिजे होतं, की बेसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये...”

तिथं मी थांबले.

“बेस कुणाचा?” बिरनाळे साहेबांनी विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते वाक्य गावोगाव ऐकवणारे तेच.

“माझा,” दादा म्हणाला.

आवटींनी फोनवर सांगितलं, “बंदच ठेव. सांजचं सगळं दूध इकडं पाठवून दे.” मग फोन ठेवून ते दादाकडं वळले. “चौगुले सर, हे थांबवायचं तुम्हीच घातलंय न्हवं? म्हंजे तुम्हाला ठाऊक हुतं. मग सकाळी बहिणीवर कसं ढकललंत?”

मला वाटलं दादा काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. बोलण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. पण त्यानं माझ्यापुढचा कागद स्वतःकडं ओढून घेतला.

“पडतंय एवढं ठाऊक हुतं,” तो म्हणाला. “का पडतंय ते कळत न्हवतं. लई शोधलं. सुट्टीच्या दिवशी येऊन शोधलं. एकदा असाच थांबा घातला आणि पडायचं बंद झालं. मग हात लावला न्हाई.” त्यानं भिंतीच्या रेघेवरून बोट फिरवलं. “पाया आधी, भिंती नंतर. आत्ता ही सांगत हुती तेव्हा कळलं.”

आणि त्यानं मान हलवली. वर्गात मागं राहिलेलं पोरगं गणित सुटल्यावर जशी मान हलवतं, तशी.

धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी गेले असते. कट्ट्यावर मी समजले होते की दादा चूक लपवतोय. तो चूक लपवत नव्हता. आपल्याला कळत नाही, हे तो लपवत होता. इतक्या वर्षांपासून, एकट्यानं, ज्या क्लासबद्दल सगळे त्याला सर म्हणत होते त्याच क्लासबद्दल. मला विचारलं असतं तर मी घरीच, जेवता जेवता सांगितलं असतं. पण मला ते शिकवणारा तोच होता, तो मला कसा विचारणार? आणि मी ते कुठं सांगितलं, तर परक्याच्या टेबलावर, चित्र काढून, मालकासमोर, ‘एवढं साधं’ म्हणून.

“गुरूची विद्या गुरूलाच की हो चौगुले,” बिरनाळे साहेब म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. आवटी हसले नाहीत. दादा थोडा हसला, कारण मालक हसल्यावर हसावं लागतं. बघवत नव्हतं मला ते हसणं.

मग साहेबांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. या आठवड्यात सगळ्या डेअऱ्यांवर जायचं. “चौगुले, बदल तुम्ही करायचे. आणि बाईंनी बघून पास करायचे. काय?”

“व्हय साहेब,” दादा म्हणाला.

परतताना मी मोटारसायकलवर त्याच्या मागं बसले होते. उसाच्या गाड्यांमुळं रस्ता अडत होता, त्यामुळं बोलता येत होतं.

“दादा, मी सांगणार नव्हते.”

“ठाऊक हाय.”

“तो फोन उचलला म्हणून...”

“बरोबर केलंस,” तो म्हणाला. “दूध पोरं पित्यात.” आणि पुढं गाडी काढायला त्यानं हॉर्न वाजवला.

घरी जेवताना त्यानंच विषय काढला. “आई, आज विनीनं लई मोठी चूक शोधून काढली. मोठ्या मोठ्या लोकांना सापडली नव्हती.”

“कुणाची चूक?” आईनं विचारलं.

“कंपनीतल्याच एकाची,” दादा म्हणाला आणि वहिनीकडं भाजी मागितली. आईनं कौतुकानं माझ्या भातावर तुपाची जादा धार धरली. दादानं ताटातून वर बघितलं नाही. तो भात मी कसा संपवला ते मला विचारू नका. ‘माझी’ म्हणाला असता तर मी रडून मोकळी झाले असते, आणि मला वाटतं तोही झाला असता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही डेअऱ्या फिरायला लागलो. बदल असा मोठा नव्हता. जन्म वेगळा केला आणि कामाला लागणं वेगळं केलं. आधी वस्तू पुरी तयार होऊ द्यायची, मग तिला ‘चालू हो’ सांगायचं, जसं इतर सगळे करतात तसं. स्लीपची ओळ काढून टाकायची. दादा प्रत्येक ठिकाणी मॅनेजरला आधीच सांगायचा, “माझ्या कोडमध्ये चूक हुती, ती काढायला आलोय.” पहिल्या ठिकाणी हे सांगताना त्याचा आवाज असा आला, जसं काही एरंडेल घेतलंय. दुसऱ्या ठिकाणी जरा बरा आला. पुढं पुढं तो ते असं सहज म्हणायला लागला की मला ते जास्त जड जायला लागलं. त्याला सवय होत होती. लाजेचीही सवय होते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

काम झाल्यावर तो म्हणायचा, “बघ गं.” मी न बघताच म्हणायची, “ठीक आहे.” तर तो म्हणायचा, “न बघता कसं ठीक हाय? साहेबांनी बघायला सांगितलंय.” मग मी बघायची. तिसऱ्या की चौथ्या डेअरीत मला त्याची एक बारीक चूक सापडली. थ्रेडचं काम संपायची वाट न बघता त्यानं वस्तू मोडीत काढली होती. मी सांगितलं नाही, गुपचूप दुरुस्त केली. त्यानं बघितलं. त्यानंतर तो ‘बघ गं’ म्हणेनासा झाला. काम झालं की नुसता उठून बाजूला उभा राहायचा, हात पाठीमागं बांधून.

शेवटची डेअरी डोंगराकडची होती. तिथले इन्चार्ज पाटणे म्हणून होते. दादाला ते फार दिवस ओळखत होते, त्याच्या क्लासचं कौतुकही त्यांना होतं. गाडीवरून उतरताच त्यांनी दादाला मिठी मारली.

“सर, किती दिवसांनी. आणि ह्या कोण?”

मी ‘मी बहीण’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

“आमच्या मॅडम,” दादा म्हणाला. “माझं काम तपासायला आल्यात.”

मला वाटलं टोमणा आहे. मनातून बरंही वाटलं, म्हटलं चला, एकदाचा टोमणा आला. आमच्या घरात टोमण्याला टोमण्यानंच उत्तर देतात, आणि दोन्हीकडून झाले की प्रकरण मिटतं. “काय रे दादा,” मी म्हणाले, “आता मॅडमला चहा तरी पाज.”

तो हसला नाही. “पाटणे साहेब, मॅडमना चहा सांगा,” म्हणाला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला.

टोमणा नव्हता तो. त्यानं काम केलं, शांतपणे, एकेक ओळ तपासत. प्रोग्राम चालू करून बघितला, बंद केला, परत चालू केला. भोंगा वाजला. मग तो उठला, खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसली आणि माझ्याकडं वळवली.

“बसा मॅडम. बघून घ्या.”

पाटणे बघत होते. मी बसले. पडद्यावर दादाचा कोड होता, स्वच्छ, कुठंही बोट ठेवायला जागा नसलेला. पाया वेगळा, भिंती वेगळ्या, आणि मग कामाला लावणं. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत वरून वाचायला लागले, कारण वाचून संपला असता तर मागं वळून त्याच्याकडं बघावं लागलं असतं.

“बरोबर आहे,” मी शेवटी पडद्याकडं बघूनच म्हणाले.

“थँक्यू,” मागून दादा म्हणाला. आमच्या घरात तोवर कुणी कुणाला थँक्यू म्हटलेलं नव्हतं.